दोन सीटची गाडी, आणि छत मात्र कायम बंद

पत्र थोडक्यात असं आहे. पत्र लिहिणाऱ्या ताई ५१ वर्षांच्या, ठाण्यात पाचपाखाडीला राहतात, स्वतःचा दातांचा दवाखाना आहे. दवाखान्याचं कर्ज फिटल्यावर त्यांनी स्वतःच्या पैशांनी सेकंडहँड बीएमडब्ल्यू झेडफोर घेतली, २०१३ चं मॉडेल, दोनच सीट, बटण दाबलं की छत घडी होऊन डिकीत जातं. कॉलेजपासूनची इच्छा होती. पण तीन हात नाक्याच्या सिग्नलला बाइकवरच्या पोरांनी व्हिडिओ काढला, काहीतरी ओरडले, आणि तो व्हिडिओ फिरत फिरत सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर आला. तेव्हापासून छत बंद. सासूबाई म्हणतात "या वयात हे काय", मिस्टर विरोध करत नाहीत पण गाडीत बसतही नाहीत, मुलगी म्हणते इलेक्ट्रिक घ्यायची होती. गाडी आता बेसमेंटमध्ये कव्हरखाली उभी असते, रविवारी सकाळी एक चक्कर, तीही छत लावून. विमा आणि सर्व्हिसिंगचा खर्च बघून अपराधी वाटतं. विचारतात, "मी दिखाऊ झालेय का? विकून टाकू का?"

ताई, विकायची का नाही ते शेवटी बघू. कारण तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात गाडी आवडत नाही असं एकही वाक्य मला सापडलं नाही. उलट पहिल्या दिवशी उपवनच्या रस्त्याला छत उघडल्यावर झाडांचा वास आला आणि मागून येणाऱ्या स्कूटरवरच्या दोघींचं बोलणं ऐकू आलं हे तुम्ही किती बारकाईने लिहिलंय. ज्या माणसाला मिरवायचं असतं ना, तो आपल्याला कोण बघत होतं ते लिहितो. तुम्ही तुम्हाला काय ऐकू आलं ते लिहिलंत. दिखाऊ झालेय का याचं माझं उत्तर तिथेच आहे, नाही, पण एवढं सांगून तुमचं समाधान होणार नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा "उपयोग काय" वाला प्रश्न. आपल्या ठाण्या-मुंबईतल्या घरांत हा प्रश्न सगळ्याच वस्तूंना विचारला जात नाही. किती जणांनी कर्जतला, नेरळला, बदलापूरच्या पुढे वीकेंड होम घेऊन ठेवलंय जिथे वर्षातून चार वेळा जाणं होतं, मेंटेनन्स मात्र बारा महिने भरतात. लॉकरमधल्या दागिन्यांना कोणी विचारतं का की बाई तू शेवटची बाहेर कधी आलीस. ते "गुंतवणूक" म्हणून सुटतात. गाडीला ती सवलत नाही कारण तिची किंमत उतरते, आणि दोन सीटच्या गाडीला तर अजिबातच नाही कारण ती उघडपणे एका माणसाच्या आनंदासाठी असते. आणि तो एक माणूस घरातली बाई असेल तर प्रश्न जरा जास्तच जोरात विचारला जातो, हे तुम्ही लिहिलं नाहीये पण पत्रात मला ते दिसलं. तुम्ही घरखर्च, मुलीची फी, सासूबाईंचं औषधपाणी सगळं करून, कर्ज फेडून मग ही गाडी घेतलीये. मुलीच्या पुढच्या शिक्षणाचे पैसे यात अडकले असते तर माझं उत्तर वेगळं असतं. तसं नाहीये असं तुम्हीच लिहिलंय, त्यामुळे पैशाच्या अपराधीपणाला मी तरी इथे जागा देणार नाही.

आणि एक गोष्ट तुम्हाला कदाचित माहीत नसेल. तुमच्याकडे आहे ती झेडफोरची दुसरी पिढी, २००९ ला आली, आणि तिचं बाहेरचं रूप युलियाने ब्लासी आणि आतली रचना नादिया आर्नाउत या दोन बायकांनी केलीये. स्पोर्ट्स कारच्या धंद्यात हे क्वचितच झालेलं. म्हणजे ज्या गाडीत बाई बसलेली लोकांना विचित्र वाटते ती बाईनेच कागदावर काढलीये. सासूबाईंना हे सांगून काही फरक पडेल असं नाही, तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

आता मजेबद्दल, कारण माझ्या मते खरी अडचण इथे आहे. तुम्ही लिहिता की "लोणावळा, महाबळेश्वर करायला वेळ नाही आणि ठाण्यात ही गाडी चालवायला जागा नाही". म्हणजे तुम्ही धरून चाललाय की अशा गाडीची मजा म्हणजे मोकळा घाट आणि वेग. तुमच्या गाडीत तीन लिटरचं सहा सिलिंडर इंजिन आहे, ३०६ हॉर्सपॉवर, तेवढी ताकद वापरायची म्हटली तर घोडबंदर रोडच काय, शंभरची मर्यादा असलेला एक्सप्रेसवेपण पुरणार नाही. पण छोट्या उघड्या गाड्यांचा इतिहास बघितलात तर त्यातली सगळ्यात लाडकी गाडी वेगवान नव्हतीच. माझदाची एमएक्स-५, लोक मियाटा म्हणतात, १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये दाखवली, १६०० सीसी, साधारण ११५ हॉर्सपॉवर, वजन एक टनाच्या आत. आजच्या कुठल्याही टर्बो एसयूव्हीने तिला मागे टाकावं. तरी २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या बनल्या, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार तीच. भारतात कंपनीने ती कधी विकली नाही हे आपलं दुर्दैव. आपल्याकडेही नव्वदीच्या शेवटाला गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची फायबरग्लासची चिमुकली दोन सीटर बनायची, रेनॉचं बाराशे सीसी इंजिन, साठ हॉर्सपॉवरच्या आसपास. या गाड्यांची सगळी गंमत ही की चाळीस-पन्नासच्या स्पीडलाही काहीतरी होतंय असं वाटतं, खाली बसलेलो असतो, स्टिअरिंगमधून रस्ता कळतो, वारा लागतो, वळण आलं की ते वळण घेतल्यासारखं वाटतं. आणि चाळीस-पन्नासचा स्पीड ठाण्यात मिळतो हो, वेळ निवडली तर.

म्हणून माझा पहिला सल्ला, महिन्यातली एक मोठी ट्रिप हे डोक्यातून काढा आणि छोट्या छोट्या फेऱ्या करा. रविवारपर्यंत थांबू नका. दवाखाना रात्री साडेनऊला बंद होतो म्हणता ना, आठवड्यातून एखाद्या दिवशी दवाखान्यालाच ही गाडी घेऊन जा आणि येताना सरळ घरी न येता ऐरोली पुलावरून पलीकडे जाऊन या, मुलुंडहून पूल ओलांडताना खाडीचा वारा लागतो, पलीकडे दिघा-कळव्यामार्गे किंवा आल्या रस्त्याने परत. ऑक्टोबर २०२४ पासून छोट्या गाड्यांना तिथला टोलपण नाही. रविवारी जरा लांब जायचं तर वाशी ते बेलापूर पाम बीच रोड, सकाळी सूर्य उगवायच्या सुमारास, एका बाजूला खारफुटी आणि थंडीत नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळीत फ्लेमिंगो. तिथे गाडी पार्क करून चालत जाऊन बघा, रस्त्यातच स्लो करून बघू नका, त्या रस्त्यावर मागून येणारे फार वेगात येतात. अटल सेतू हा आणखी एक पर्याय, जवळपास २२ किलोमीटर, टोल आहे, पण सिग्नल नाही, दुचाकींना बंदी, म्हणजे तुम्हाला ज्याचा त्रास झाला तो प्रकारच नाही. फक्त मधे थांबून फोटो काढू नका, थांबायला मनाई आहे, आणि उघड्या गाडीत शंभरला वाऱ्याचा इतका आवाज येतो की ऐंशीच बरे वाटतात. दिवसभर मोकळा असेल तर कल्याण, मुरबाड, टोकावडे करत माळशेज, पण पहाटे निघून कल्याण उजाडायच्या आत पार करायचं, नाहीतर अर्धा दिवस तिथेच जाईल.

गायमुख घाट मात्र टाळा, तिथला रस्ता तुमच्या टायरांचा शत्रू आहे. या गाडीला रनफ्लॅट टायर असतात, म्हणजे पंक्चर झाल्यावरही थोडं अंतर चालणारे, त्यांची बाजू (साइडवॉल) कडक, खड्ड्यात आपटलं की फुगा येतो, आणि डिकीत स्टेपनी नाही. येऊरला जाणार असाल तर तो नॅशनल पार्कचा भाग आहे, दिवसाच जा, म्युझिक बंद ठेवा, छत उघडं असेल तर पक्षी ऐकू येतातच.

आता त्या पोरांबद्दल. ते जे झालं ते वाईटच झालं आणि तुम्ही घाबरलात यात तुमची काही चूक नाही. पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष की "छत उघडलं की असं होणारच", तो मला पटत नाही. झालं कुठे तर तीन हात नाक्याला, सिग्नलला, संध्याकाळच्या गर्दीत. उघड्या गाडीत उभं राहणं हा तिचा सगळ्यात वाईट भाग, ऊन डोक्यावर, ट्रकचा धूर तोंडाच्या लेव्हलला, आणि आजूबाजूच्या बाइकवाल्यांना तुम्ही खालच्या बाजूला बसलेल्या दिसता. बायकाच काय, पुरुषांनाही तिथे छत उघडं ठेवायला मी सांगणार नाही. माजिवडा, तीन हात नाका, कापूरबावडी, ही सगळी नाकी छत बंद करून पार करायची आणि रस्ता वाहता झाला की बाजूला सुरक्षित जागी थांबून उघडायचं. वीस सेकंद लागतात. सिग्नलला उभं असताना उघडायला जाऊ नका, मधेच हिरवा लागला तर छत अर्धवट आणि मागे हॉर्न. डॅशकॅम लावून घ्या, पुढचा आणि मागचा. कोणी पाठलाग केला तर न थांबता ११२ लावा आणि पोलिस चौकी किंवा पेट्रोल पंपाकडे जा. बाईला उद्देशून अश्लील बोलणं, हातवारे करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७९ खाली गुन्हा आहे, नंबर रेकॉर्ड झाला असेल तर तक्रार करता येते आणि करावी.

सोसायटीच्या ग्रुपचं वेगळं. तो व्हिडिओ ज्यांनी टाकला त्यांना तुम्ही काहीच बोलला नाहीत. का? तुम्हाला त्रास दिल्याचा तो व्हिडिओ आहे, तुम्ही केलेल्या कशाचा नाही. ॲडमिनला फोन करून शांतपणे सांगा की तो काढून टाका, माझी परवानगी नाही. गप्प बसलं की लोकांना वाटतं हिला स्वतःलाच लाज वाटतेय, आणि मग तुम्हालाही तसंच वाटायला लागतं.

मिस्टरांचं. तुम्ही लिहिलंय "ते बसत नाहीत म्हणजे त्यांना आवडलेलं नाही". विचारलंत का? नीट, जेवताना, "तुम्ही का बसत नाही" असं? कारण ५५-६० च्या माणसाला या गाडीत उतरणं हे खरंच उतरणं असतं, सीट जमिनीला टेकल्यासारखी, दार लांबलचक, पार्किंगमध्ये बाजूला खांब असेल तर ते पूर्ण उघडतही नाही. गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर माणूस कारण न सांगता टाळतो, आपल्याकडचे पुरुष तर नक्कीच. गाडी पार्किंगमधून बाहेर मोकळ्यावर काढा, मग त्यांना आधी पाठ करून सीटवर बसू दे आणि नंतर दोन्ही पाय आत घेऊ दे, उतरताना उलट. आणि खरंच आवडत नसेल तर तेही चालेल. नवराबायकोने एकाच गोष्टीत रमलं पाहिजे असं कुठे आहे, ते क्रिकेटच्या मॅचला जातात तेव्हा तुम्ही घरी असताच की. दुसरी सीट मैत्रिणीला द्या, बहिणीला द्या, रिकामी ठेवा.

सासूबाईंच्या "या वयात" ला माझ्याकडे उत्तर नाही, वादही घालू नका. मुलीचं मात्र एक ऐका, तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही, रोजच्या ये-जा करायला इलेक्ट्रिक ठाण्यात सोयीचीच आहे. ते आणि हे वेगळं. घरातली रोजची गाडी बदलायची वेळ येईल तेव्हा तिच्या मनासारखी घ्या.

बाकी काही गोष्टी अशा गाडीच्या कुठल्याही मालकाला लागू आहेत, म्हणून जरा खोलात लिहिते. उभी गाडी वाचते हा आपला फार मोठा गैरसमज आहे. उभी राहून बॅटरी उतरते, टायर एका जागी चपटे होतात, रबर वाळतं, आणि आपल्या बेसमेंटमध्ये उंदीर-घुशी वायरिंग कुरतडतात. आठवड्यातून निदान अर्धा तास, इंजिन नीट गरम होईपर्यंत चालवा, नुसती जागेवर स्टार्ट करून ठेवण्यात काही अर्थ नाही. छत बंद ठेवूनच चालवणार असाल तरी महिन्यातून दोनदा ते पूर्ण उघडून बंद करा, नाहीतर सांधे आणि सील आखडतात. ते करताना इंजिन चालू पाहिजे, बॅटरीचा दाब कमी झाला तर छत मधेच रुसून बसतं. डिकीतला आडवा पडदा लावलेला असल्याशिवाय ते उघडणार नाही, आणि उघडल्यावर डिकी ३१० लिटरवरून १८० वर येते, म्हणजे दोघांच्या दोन मऊ बॅगा, कडक सूटकेस नाही. स्टॅक पार्किंगमध्ये किंवा कमी उंचीच्या बेसमेंटमध्ये बटणाला हात लावू नका, छत घडी होताना बरंच वर आणि मागे जातं, तिथे तुमच्याकडे बीम आहे. सीलला रबरासाठीचं सिलिकॉनवालं औषध लावा, ग्रीस किंवा व्हॅसलीन नको, त्याने रबर खराब होतं. आणि पाणी जायच्या नळ्या, छताच्या कडेच्या, पावसाच्या आधी साफ करून घ्या, त्यात पानं आणि माती अडकली की पाणी आत येतं, कार्पेटखाली साठतं आणि तिथली इलेक्ट्रॉनिक्स जातात. उघड्या गाड्यांचा बहुतेक मोठा खर्च या एका कारणाने येतो. कव्हर हवा खेळणारं कापडी घ्या, प्लॅस्टिकच्या आत दमट हवा कोंडते.

ऋतूंचं म्हणाल तर सगळे म्हणतात थंडी, आणि डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी छानच असतात, पण ठाण्यात थंडीतच धूर आणि धूळ खाली बसते, बांधकामं कुठे नाहीत, त्यामुळे घोडबंदरला काच वर आणि छत बंद, खाडीकडे गेल्यावर उघडा. मला विचाराल तर सगळ्यात सुंदर वेळ म्हणजे पावसाळ्यातली उघडीप. दोन-तीन दिवस धो धो पडून गेलाय, हवा धुतलीये, पारसिकचा डोंगर हिरवागार, आणि संध्याकाळी तासभर ऊन पडलंय. तेव्हा काढा गाडी. फक्त उघडायच्या आधी छत पुसून घ्या नाहीतर सगळं पाणी डिकीत. आणि विम्यात इंजिन प्रोटेक्ट, म्हणजे इंजिनसाठीचं जादा संरक्षण (ॲडऑन), आहे का बघा, पाण्यात गाडी बंद पडून इंजिन गेलं तर साधा झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा विमा, ते देत नाही, आणि गाडी जुनी झाली की बऱ्याच कंपन्या ॲडऑन द्यायला कां-कूं करतात. बेसमेंटमध्ये पाणी शिरलं असेल तर गाडी स्टार्ट करूच नका, टो करून न्या.

ओढणी. हे हसण्यावारी नेऊ नका. १९२७ ला फ्रान्समधल्या नीसला इसाडोरा डंकन ही नामवंत नर्तिका उघड्या गाडीत स्कार्फ चाकात अडकून वारली. सैल ओढणी, सैल स्टोल नको, रुमाल डोक्याला घट्ट बांधा, टोकं आत खोचा. सनस्क्रीन लावा, ढगाळ असलं तरी.

आणि तुम्ही विचारलं नाहीत पण या पत्रामुळे इतर कोणाला वाटेल की जुन्या गाडीचं छत कापून स्वस्तात उघडी गाडी करून घेऊ, तर कृपा करून नको. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही, सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ च्या निकालात तेच म्हटलंय, आणि कायदा सोडा, छत हा गाडीच्या सांगाड्याचा भाग असतो, ते कापलं की उलटल्यावर तुम्हाला वाचवायला काही राहत नाही. मुळात उघड्या बनवलेल्या गाड्यांचा तळ आणि पुढच्या काचेची चौकट त्यासाठी मजबूत केलेली असते, डोक्यामागे रोल बार, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारे दांडे, असतात.

आता विकण्याबद्दल. येत्या होळीपर्यंत वर सांगितलं तसं वापरून बघा, छोट्या फेऱ्या, नाकी बंद छताने, दुसऱ्या सीटवर कोणीतरी. तोपर्यंत गाडी बाहेर काढायचा कंटाळा येत असेल, किल्ली घेताना पोटात गोळा येत असेल, तर विका, त्यात हार वगैरे काही नाही, इच्छा होती, पुरी झाली. दोन सीटच्या गाडीला गिऱ्हाईक कमी असतं, वेळ लागतो, त्यामुळे घाईत पहिल्या डीलरला देऊ नका, तो फार पाडून मागतो. सर्व्हिसची सगळी बिलं, छताच्या कामाची असतील तर ती, दोन्ही किल्ल्या एकत्र ठेवा. गिऱ्हाईक महाराष्ट्रातलंच असेल तर मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर काम होतं, बाहेरच्या राज्यातलं असेल तर आधी आरटीओची एनओसी. २०२८ ला गाडीला पंधरा वर्षं होतील, मग आरसी नव्याने करणं आणि पर्यावरण कर आला, गिऱ्हाईक ते धरूनच भाव करणार, म्हणजे विकायचीच असेल तर त्याच्या पुष्कळ आधी विकलेली बरी. आणि पावसाळ्याच्या तोंडावर जाहिरात टाकू नका, जूनमध्ये उघडी गाडी कोणी बघायलाही येत नाही.